मोबाईलची रेंज : कंपनीआधी आपले शिवार पाहा



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एक तक्रार हमखास येते. "टोळी दुसऱ्याच्या फडात गेली, आम्हाला कुणी कळवलंच नाही." चिटबॉय म्हणतो, मी चार वेळा फोन लावला, लागला नाही. बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. वस्ती गावापासून लांब, ओढ्याच्या पलीकडे, आणि तिथे रेंज नाही. तोडीची पाळी हुकली की ऊस उभा वाळतो आणि वजनाला फटका बसतो. रात्रीच्या लाईटवर मोटार चालू झाली का, ई-पीक पाहणीची माहिती चढली का, बँकेचा ओटीपी आला का, हे सगळे आता फोनवरच चालते. बिबट्याच्या भागात रात्री पाण्याला गेलेल्या माणसाची खबर फोनवाचून कशी घेणार? तेव्हा सिम कोणत्या कंपनीचे घ्यावे, हा प्रश्न बियाणे निवडण्याइतकाच विचाराने सोडवला पाहिजे.

आपल्याकडे जिओ, एअरटेल, व्हीआय (म्हणजे २०१८ साली एकत्र झालेल्या व्होडाफोन आणि आयडिया) आणि सरकारी बीएसएनएल अशा चार सेवा आहेत. यांत चांगली कोणती, असे विचाराल तर सगळ्या जिल्ह्याला लागू पडेल असे उत्तर देता येत नाही. राहाता-श्रीरामपूरच्या सपाट बागायतीत एक टॉवर लांबवर पोचतो. अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगराआड तोच टॉवर पुढच्या वाडीला दिसतही नाही. संगमनेरच्या पठार भागात किंवा पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यात एका वळणावर फोन लागतो, पुढच्या वळणावर तुटतो. शिवाय टॉवर आधी हमरस्त्याला लागतात. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेच्या दुकानदाराने "आमच्याकडं फुल रेंज हाय" म्हटले, तर ते त्याच्या दुकानापुरते खरे धरावे.

मुंबईच्या मुलाचा सल्लाही असाच. दूरसंचार खात्याच्या हिशेबात मुंबई हे वेगळे मंडळ आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. कंपन्या रेडिओलहरींचे पट्टे मंडळवार लिलावात घेतात. त्यामुळे एखादी कंपनी मुंबईत जोरात चालते म्हणून ती नेवाशात चालेलच असे नाही.

या पट्ट्यांचे थोडे समजून घ्यावे. ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतीतून, झाडीतून बऱ्यापैकी शिरते. २३०० ची लहर जास्त माहिती वाहून नेते, पण लवकर दमते. फाईव्ह-जीचा बराचसा कारभार ३३०० च्या पट्ट्यात चालतो. तेव्हा फाईव्ह-जीची जाहिरात पाहून मळ्यासाठी सिम घेण्यात फारसा अर्थ नाही.

आणि आपला ऊसच रेंज खातो, बरं का! पानात पाणी असते आणि ओली हिरवळ लहरी शोषून घेते. आडसाली ऊस डोक्यावर गेला, त्यात पावसाळा, म्हणजे बांधावर लागणारा फोन सरीत उभे राहून लागत नाही. वैशाखात मोकळ्या रानात रेंज तपासून सिम घेतले आणि भाद्रपदात ते चालेना, यात कंपनीने फसवले असे म्हणता येणार नाही. तपासणी उभ्या पिकातच करावी.

दुसरी गोष्ट विजेची. टॉवरही लाईटवरच चालतो. लाईट गेली की बॅटरी आणि जनरेटर. बॅटरी म्हातारी झाली असेल किंवा डिझेल वेळेवर आले नाही, तर टॉवर थोड्याच वेळात मुका होतो. म्हणून लाईट गेल्यावर तास-दोन तासांनी कोणाचा फोन चालू राहतो, हे अवश्य पाहावे. इथे एक गोम आहे. पुष्कळ ठिकाणी एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रे बसवलेली असतात. इंडस टॉवर्स ही कंपनी टॉवर उभारून भाड्याने देते. एअरटेल आणि व्हीआय हे तिचे मोठे भाडेकरू. दोन कंपन्यांची दोन सिमे खिशात बाळगली, पण दोघींचा टॉवर एकच, तर अंधार झाला की दोन्ही एकदम जाणार. दुसरे सिम घेताना टॉवर वेगळा आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

विहिरीवरच्या स्टार्टरचा विचार स्वतंत्र करावा. बहुतेक जुने मोबाईल स्टार्टर टू-जीवर चालतात आणि जिओची टू-जी सेवा मुळातच नाही. त्यात जिओचे सिम टाकून स्टार्टर बिघडला म्हणणारे कमी नाहीत. या सिमला नेटही लागत नाही. नुसते बोलणे आणि एसएमएस असलेले, ३६५ दिवसांपर्यंत मुदतीचे रिचार्ज कंपन्यांनी ठेवावे, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये केला. दुकानदार महागडे नेटचे रिचार्ज गळ्यात मारत असेल तर हे नाव घेऊन मागावे.

आता तपासणी कशी करावी? फोनवरच्या दांड्यांवर भरवसा नको. प्रत्येक फोन त्या आपल्या मनाने दाखवतो. सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो वजा असतो. फोर-जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११५ च्या खाली गेला तर बोलणे तुटणारच. शेजारी-भाऊबंदांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन विहीर, घर, गोठा आणि फडाचा मधला भाग अशा ठिकाणी हा आकडा पाहावा. मग प्रत्यक्ष बोलून पाहावे आणि संध्याकाळी पुन्हा पाहावे. कारण आकडा चांगला असूनही एका टॉवरवर गर्दी झाली की नेट रांगते. हंगामात कारखान्याच्या आवारात आणि टोळ्यांच्या अड्ड्यावर हा अनुभव सर्वांनाच येतो.

कोणत्या भागात कोणती सेवा मिळते याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर ठेवावेत, असे बंधन ट्रायने २०२४ च्या नियमांत घातले आहे. नकाशा पाहावा, पण तो अंदाज म्हणून. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा पुष्कळांनी बीएसएनएलकडे नंबर वळवले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या फोर-जी जाळ्याचे उद्घाटन झाले. ते आपल्या वाडीवर पोचले का, हेही स्वस्त दर बघण्याआधी रानात उभे राहूनच ठरवावे.

कंपनी बदलायची तर नंबर तोच राहतो. PORT या इंग्रजी शब्दाऐवजी भलतेच काही लिहू नये. फोनवर इंग्रजीत 'पोर्ट', मग जागा सोडून आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करावा. येणारा कोड चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. आधीच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि बिलाची बाकी नसावी. जुने शिल्लक रिचार्ज बुडते, म्हणून मुदत संपत आल्यावर बदल करावा. बदलाच्या वेळी फोन काही तास बंद पडतो. ऐन तोडीचा किंवा बँकेच्या कामाचा दिवस त्यासाठी धरू नये.

घरातल्या बाया-माणसांना आणि सालगड्याला हेही सांगून ठेवावे, की आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणाचा टॉवर आवाक्यात असेल तर ११२ हा नंबर लागू शकतो. इतर नंबरांचे तसे नाही.

ज्यांनी सरळ नवा नंबर घेतला आहे त्यांनी तो ऊस नोंदीच्या वेळी गट ऑफिसात लिहून द्यावा. विहिरीवर एक आणि घरी एक असे दोन नंबर असतील तर दोन्ही द्यावेत, आणि आधी कोणता लावायचा तेही सांगावे.