लांब पल्ल्याची जुनी मोटारसायकल घेताना

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत उसाचे बिल हाती आले की अनेक घरांत मोटारसायकलीचा विषय निघतो. पंढरपूर, तुळजापूर किंवा कोकणापर्यंत जाण्यासाठी बुलेट, हिमालयनसारखी दमदार गाडी तरुणांना हवी असते. नवीसाठी मोठी रक्कम लागते, म्हणून जुन्या गाडीचा शोध सुरू होतो. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र बैल घेताना आपण दात, खूर आणि चाल पाहतो, शिंगांना लावलेला हिंगूळ पाहून पैसे मोजत नाही. गाडीचेही तसेच आहे.

गाडी पाहण्यास सकाळी जावे व ती आधी सुरू करून ठेवू नये असे विकणाऱ्यास कळवावे. गेल्यावर प्रथम इंजिनला हात लावावा. ते गरम लागले तर सौदा पुढे ढकलावा, कारण गरम इंजिन सहज सुरू होते आणि दोष झाकले जातात. थंड गाडी सुरू करून सायलेन्सरकडे पाहावे. निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळत आहे. रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असावेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे, हा दोष बहुधा थोडक्या खर्चात निघतो. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येऊन थांबली तर काळजी नको.

आपल्या भागात पुराचे पाणी लागलेल्या गाड्यांपासून विशेष सावध राहावे. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हा नदीला मोठा पूर आला होता आणि मे २०२५ मध्येही दोन्ही तालुक्यांत अतिवृष्टी झाली. बुडालेली गाडी धुऊन चकाचक करता येते, पण सीटखाली, हेडलाईटच्या आत आणि वायरींच्या जोडांत गाळ राहतोच. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले असे समजावे व ती गाडी सोडून द्यावी.

टाकीचे झाकण काढून बॅटरीच्या उजेडात गंज पाहावा. पेट्रोलमध्ये आता आपल्याच उसाचे इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असते. ते ओलावा ओढून घेते, त्यामुळे बरेच दिवस उभ्या गाडीची टाकी तपासणे जरुरीचे आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना चिरा आहेत का, तेही पाहावे.

मीटरच्या आकड्यावर विसंबू नये. आकडा कमी आणि पायदानाचे रबर मात्र गुळगुळीत, असे असेल तर काय समजायचे ते समजावे. स्प्रॉकेटचे दाते विळ्यासारखे वाकले असतील तर चेनसह संपूर्ण संच बदलावा लागतो. टायरवरील चार आकड्यांत आठवडा व वर्ष असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवावी. खटखट जाणवली तर हँडलची बॉलरेस सैल आहे. शेवटी सरळ रस्त्यावर चालवून गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहावे. ओढत असेल तर चेसी वाकल्याची शंका घ्यावी व जाणत्या मिस्त्रीला दाखवावी.

खरा घोटाळा कागदांत होतो. चेसी व इंजिनचे नंबर आर.सी. बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. नंबरावर कानस फिरवल्याच्या खुणा असतील तर गाडी घेऊ नये. आर.सी. वर बँकेचा बोजा असल्यास बँकेचा दाखला व फॉर्म ३५ घ्यावा. फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात नाव लावण्यासाठी अर्ज करावा. विकणाऱ्याने १४ दिवसांत हस्तांतर कळवायचे असते, घेणाऱ्यास ३० दिवसांची मुदत असते. गाडी परराज्यातील असेल तर तेथील ना हरकत दाखल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थकलेली ई-चलने विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावीत. पंधरा वर्षे होत आलेल्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचा खर्च किमतीत धरावा.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. तो जुन्या मालकाच्या नावावर राहिला आणि गाडी चोरीस गेली, तर भरपाई मिळणे अवघड होते. नाव लागेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवण्याची अट सौद्याच्या वेळीच घालावी.