मावळ्यांचा रंग का निघतो? लहान मूर्तींसाठी अस्तराची निवड



आपण तोरणा आणि राजगडाच्या कुशीत राहणारी माणसं. दिवाळी जवळ आली की वेल्ह्यात अंगणाअंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. चौथीच्या मुलांना तर इतिहासाच्या पुस्तकात शिवचरित्रच असतं, त्यामुळे किल्ल्यावरचे मावळे स्वतः करायचे आणि स्वतः रंगवायचे असा त्यांचा हट्ट असतो. पण भाऊबीज होईपर्यंत कुणाच्या मावळ्याचा फेटा सोललेला असतो, तर कुणाची ढाल पांढरी पडलेली असते. दोन दिवस खपून केलेलं काम असं गेलं की मूल म्हणतं, "मला चित्रकला येतच नाही." खरं तर दोष बहुतेक वेळा रंगाखालच्या थराचा असतो. त्या थराला आपण अस्तर किंवा प्रायमर म्हणतो.

आधी कारण ओळखा

रंग निघालेली मूर्ती हातात घ्या आणि नीट पाहा.

1. ओलं बोट फिरवल्यावर रंग बोटाला लागतो का? मग अस्तर ठीक आहे. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने सुटतो. त्यावर वार्निशचा हात हवा.
2. रंगाच्या खपल्या निघून खालची कोरी माती किंवा प्लास्टिक दिसतं का? मग अस्तर नव्हतं किंवा चुकीचं होतं.
3. खपलीच्या मागे मातीची भुकटी चिकटून येते का? मग मूर्तीचा पृष्ठभागच कच्चा किंवा धुळकट होता.

अस्तर काय काम करतं?

तीन कामं करतं. रंगाला धरायला बारीक खरखरीत जागा देतं. माती रंगातलं पाणी शोषून घेते ते थांबवतं. आणि सगळीकडे एकच पार्श्वभूमी देतं, म्हणजे पिवळा रंग लाल मातीवर मळकट दिसत नाही.

वस्तू कशाची, त्यावर अस्तर ठरतं

*भाजलेली माती:* पुण्याच्या कुंभारवाड्यात मिळतात ते मावळे बहुधा असे असतात. ही माती पाणी पिते. आधी एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी असा पातळ हात द्या. तो वाळला की पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा किंवा ॲक्रिलिक प्रायमरचा हात द्या.

*कच्ची माती, शाडू:* पाण्याचं अस्तर घासून लावलं तर वरची माती विरघळते. मूर्ती सावलीत पूर्ण वाळू द्या, ब्रश जवळपास कोरडा ठेवा आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नका. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा हात जास्त चांगला, कारण त्यात पाणी नसतं. पण स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे काम मोठ्यांनीच आणि दिव्यापासून लांब करायचं.

*प्लास्टर ऑफ पॅरिस:* भाजलेल्या मातीसारखंच. फक्त आधी धूळ पुसून घ्या.

*प्लास्टिकचे सैनिक:* साच्यातून काढताना त्यांना तेलकटपणा राहिलेला असतो. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि मग प्लास्टिकसाठीचा प्रायमर लावा. वाकणाऱ्या मऊ प्लास्टिकवर मात्र तलवारीसारख्या बारीक भागाचा रंग कधी ना कधी उडतोच. मुलांना हे आधीच सांगा.

*थर्माकोल:* स्प्रे किंवा थिनरचा रंग लावू नका, थर्माकोल वितळतं. पाण्यात मिसळणारंच अस्तर घ्या.

पांढरं, काळं की करडं?

पिवळा, भगवा, लाल असे उजळ रंग द्यायचे असतील तर पांढरं अस्तर. घोडा, तोफ, दगडी बुरूज यांना काळं, कारण खाचांमध्ये आपोआप सावली दिसते. दोन्ही तऱ्हेचे रंग असतील तर करडं. पांढऱ्यात थोडा काळा मिसळला की झालं.

थर पातळच का?

इथे गणिताचा तास होतो. मावळा 5 सेंटिमीटरचा, खरा माणूस 165 सेंटिमीटरचा, म्हणजे प्रमाण 1:33. आपण अर्धा मिलिमीटर जाड थर दिला तर तो खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर साधारण साडेसोळा मिलिमीटर जाड लेप होईल! नाक, डोळे, मिशा सगळं बुजणार. म्हणून एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्या आणि मध्ये पूर्ण वाळू द्या.

आपल्याकडे पाऊस सरल्यावरही सकाळी हवेत ओल असते. दमट हवेत स्प्रे प्रायमर खरखरीत किंवा धुरकट होतो. दुपारी, मोकळ्या हवेत, सावलीत काम करा.

सुरक्षितता

हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडासाठीचा उरलेला प्रायमर मुलांच्या हातात देऊ नका. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम आहे. कारखान्यात वापरायचे औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं आणि मुलं रंगाचे हात तोंडात घालतात. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. पाण्याचं ॲक्रिलिक अस्तर शाळेसाठी सगळ्यात सोयीचं.

वर्गात करून पाहा

फुटक्या कौलाचे तीन तुकडे घ्या. एक कोरा ठेवा, एकाला पांढरं, एकाला काळं अस्तर द्या. तिन्हींवर एकाच बाटलीतला पिवळा ॲक्रिलिक रंग द्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. कुठला पिवळा उजळ दिसला आणि कुठला पट्टीला चिकटून आला, हे मुलांनी वहीत लिहायचं. मग आपल्या मावळ्याला कुठलं अस्तर द्यायचं हे ज्याचं त्यालाच ठरवू द्या. कौलाच्या तुकड्याला पैसे लागत नाहीत, आणि मुलाने कष्टाने केलेला मावळा पुढच्या दिवाळीलाही बुरुजावर उभा राहतो.