बिनतारी हेडसेटचा आवाज कोठे अडतो?

शाळेच्या लॅपटॉपला बिनतारी हेडसेट जोडला आणि आवाज आला नाही, की हेडसेट बिघडला असा निष्कर्ष काढण्याकडे सर्वसाधारण प्रवृत्ती असते. हेडसेट खोक्यात परत जातो, खोके कपाटात जाते आणि जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत त्याच्यापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो. वस्तुतः अशा पुष्कळ हेडसेटांत काहीच बिघडलेले नसते. आवाज लॅपटॉपपासून कानापर्यंत ज्या टप्प्यांनी जातो, त्यांपैकी एखादा टप्पा अडलेला असतो, आणि कोणता टप्पा अडला हे शोधण्यास तंत्रज्ञाची गरज लागत नाही.

प्रथम हेडसेटची जात ओळखावी. काही हेडसेटांसोबत नखाएवढा एक ग्राहक तुकडा येतो व तो लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत बसवावा लागतो. अशा हेडसेटचे नाव ब्लूटूथच्या यादीत शोधणे बहुधा व्यर्थ होय. त्याचा संबंध त्या तुकड्याशीच असतो. तुकडा हरवला तर कोणताही दुसरा तुकडा चालेल असे समजू नये. बाकीचे बहुतेक हेडसेट ब्लूटूथ पद्धतीचे असतात. या पद्धतीचा आरंभ स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ साली झाला आणि १९९८ साली पाच कंपन्यांनी एकत्र येऊन तिचे नियम सर्वांसाठी एक केले. नाव मात्र दहाव्या शतकातील हॅराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून पडले आहे.

ब्लूटूथमध्ये ओळख आणि जोडणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. ओळख, म्हणजे पडद्यावर ज्याला ‘पेअर’ म्हणतात ती, एकदाच होते. त्या वेळी लॅपटॉप व हेडसेट आपसात एक सांकेतिक किल्ली ठरवतात आणि दोघेही ती जपून ठेवतात. जोडणी ही दर वेळी त्या किल्लीच्या आधारे नव्याने होते. हेडसेट मूळ स्थितीवर आणला गेला असेल, तर त्याच्याजवळची किल्ली पुसली जाते, परंतु लॅपटॉपजवळची तशीच राहते. मग यादीत नाव दिसते, ‘पेअर्ड’ असा शब्दही दिसतो, आणि जोडणी मात्र होत नाही. अशा वेळी पुनःपुन्हा ‘कनेक्ट’ दाबत बसण्यात अर्थ नसतो. ब्लूटूथच्या यादीतून ते नाव काढून टाकावे, हेडसेटची कळ दिवा लुकलुकू लागेपर्यंत काही सेकंद दाबून धरावी आणि ओळख मुळापासून करून घ्यावी. हेडसेट नुसता चालू करणे म्हणजे त्याला नव्या ओळखीस तयार करणे नव्हे. नुसता चालू केलेला हेडसेट आपला जुना परिचित शोधत राहतो.

हा जुना परिचित बहुधा कोणा शिक्षकाचा मोबाइल असतो. आदल्या दिवशी मोबाइलवर भाषण ऐकण्यासाठी हेडसेट वापरला असेल, तर दुसऱ्या दिवशी वर्गात तो चालू करताच खिशातील मोबाइल त्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि लॅपटॉप रिकामाच राहतो. मोबाइलचे ब्लूटूथ बंद केले की ही अडचण तत्क्षणी मिटते. इतके साधे कारण सर्वांत उशिरा आठवते, हे मात्र खरे.

जोडणी झाली, तरी आवाज तिकडे वळला आहे असे गृहीत धरू नये. लॅपटॉपने आवाज कोठे पाठवावा याची निवड स्वतंत्र असते. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील ध्वनिक्षेपकाच्या चिन्हाजवळ ती यादी सापडते. शिवाय ऑनलाइन सभेच्या कार्यक्रमाला स्वतःची वेगळी निवड असू शकते. त्यामुळे चित्रफितीचा आवाज कानात आणि सभेचा आवाज वर्गभर, असा चमत्कारिक प्रकार घडतो. सर्व निवडी योग्य असूनही आवाज न आल्यास तोच हेडसेट एखाद्या मोबाइलला जोडून पाहावा. तेथे तो चालला, तर दोष हेडसेटचा नव्हे. लॅपटॉप एकदा पूर्ण बंद करून चालू करावा, आणि तरीही न भागल्यास निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून ब्लूटूथचा ड्रायव्हर नव्याने बसवून घ्यावा.

आता ज्या तक्रारीने शिक्षक सर्वाधिक बुचकळ्यात पडतात तिच्याकडे वळू. गाणे उत्तम ऐकू येते. परंतु सभा सुरू होताच तोच आवाज पातळ व दबका, जुन्या दूरध्वनीसारखा होतो. हा बिघाड नाही. ब्लूटूथला आवाज नेण्याच्या दोन रीती अवगत आहेत. पहिल्या रीतीत आवाज केवळ लॅपटॉपकडून कानाकडे जातो; तो दोन्ही कानांस वेगवेगळा व भरदार मिळतो. दुसरी रीत संभाषणाची. तीत हेडसेटच्या मायक्रोफोनचा आवाजही त्याच वेळी उलट दिशेने आणावयाचा असतो, आणि त्यासाठी ठरलेली वाट अरुंद आहे. पहिल्या रीतीत आवाजाचे नमुने सेकंदाला साधारणपणे ४४,१०० घेतले जातात; संभाषणाच्या जुन्या रीतीत केवळ ८,०००, तर सुधारलेल्या रीतीत १६,०००. कोणत्याही कार्यक्रमाने हेडसेटचा मायक्रोफोन उघडला, की लॅपटॉप दुसऱ्या रीतीवर जातो. विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटची ‘स्टीरिओ’ व ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावे दिसतात, त्याचे कारण हेच होय.

प्राथमिक शिक्षकाला हे आकडे कशासाठी हवेत, असे कोणी विचारील. सेकंदाला ८,००० नमुने घेतले असता ४,००० कंपनांच्या वरचा ध्वनी पोहोचूच शकत नाही. आता ‘स’ या वर्णाचा जो सळसळता भाग आहे, तो बहुतांशी त्या मर्यादेच्या वर असतो. ‘श’चा भाग काहीसा खाली असतो. संभाषणाच्या जुन्या रीतीवर गेलेल्या हेडसेटमधून मुलाला श्रवणपाठ ऐकविला, तर ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद त्याच्या कानापर्यंत येण्यापूर्वीच पुसट झालेला असतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील दोन ‘च’कारांचा भेदही असाच धूसर होण्याचा संभव असतो. ज्या मुलाची घरची भाषा वेगळी आहे, त्याच्या बाबतीत तर ‘याला भेद कळत नाही’ असा शेरा यंत्राच्या दोषाने पडू शकतो. म्हणून श्रवणपाठ लावण्यापूर्वी सभेच्या व ध्वनिमुद्रणाच्या सर्व खिडक्या बंद कराव्यात. सभेतही उपाय आहे: ऐकण्यासाठी हेडसेट ठेवावा आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच मायक्रोफोन निवडावा, म्हणजे आवाजाची पहिली रीत कायम राहते. वर्गात गलका असेल, तर मात्र लॅपटॉपचा मायक्रोफोन तो सारा गलका उचलतो, हेही सांगितले पाहिजे. २०२२ साली पूर्ण झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत ही अडचण दूर करण्याची सोय आहे. परंतु ती लॅपटॉप व हेडसेट या दोघांनाही अवगत असावी लागते.

आवाज मध्येच तुटत असेल, तर कारण हवेत शोधावे. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, आणि वायफायचा जुना पट्टाही तोच आहे. ही दाटी चुकविण्यासाठी हेडसेट ७९ उपमार्गांवरून सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारीत असतो. तरी सोय असल्यास वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घेणे बरे. वेगवान यूएसबी ३ खाचेत लावलेली हार्ड डिस्कही याच पट्ट्यात खरखर निर्माण करते, असे इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले आहे. ती वस्तू काढून पाहावी, किंवा ग्राहक तुकडा लहानशा जोडतारेने लॅपटॉपपासून दूर न्यावा. मानवी शरीरही या लहरी शोषते. हेडसेट आणि लॅपटॉप यांच्यामध्ये मुलांची रांग उभी राहिली, तर दहा मीटरांचा पल्ला बराच आखडतो.

तुटक किंवा दबका आवाज आला, की मूल तो वाढवीत जाते, आणि दोष दूर होताच पूर्ण आवाज एकदम कानावर आदळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाणकात मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास, ही मर्यादा सुचविली आहे. लॅपटॉपवरील आवाज आणि हेडसेटच्या कळीवरील आवाज पुष्कळदा वेगवेगळे असतात. सबब मुलाच्या कानावर हेडसेट देण्यापूर्वी दोन्ही अर्ध्याच्या खाली आणून शिक्षकांनी तो स्वतःच्या कानाला लावून पाहावा.