नजर कॅमेऱ्यात, पाय गवतात

"थांब वं बाई, हालू नोको! तुह्या पायापाशी परड हाये!"

गवत कापणाऱ्या मावशींचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. यवतमाळजवळच्या निळोणा धरणाच्या बाजूला, ऑक्टोबरातली सकाळ. तुरीच्या धुऱ्यावर वाळक्या काडीवर एक वेडा राघू बसला होता. मी डोळा कॅमेऱ्याला लावून एकेक पाऊल पुढे टाकत होते. मधूनच प्रेशर कुकरमधून वाफ सुटावी तसा आवाज आला होता, पण लक्ष कुठे होतं! मावशी ओरडल्या म्हणून खाली बघितलं. दोन हातांवर, वाळल्या गवताच्याच रंगाचं वेटोळं. पाठीवर साखळीसारखे ठिपके. परड म्हणजे आपली घोणस.

हळूहळू मागे सरकले. आणि खोटं कशाला सांगू, तशातही हात पुन्हा कॅमेऱ्याकडे गेला. मावशी कडाडल्या, "फोटू काढतं का वं? पयले मांगं ये!"

त्यानंतर बरेच दिवस विचार करत होते. शेतात रोज राबणाऱ्या बाईला जे सहज दिसलं, ते मला का दिसलं नाही? कारण साधं आहे. पाखरू उडू नये म्हणून आपण चोरपावलांनी चालतो. सापाला जमिनीची थरथर चांगली कळते, पाय आपटत येणाऱ्या माणसाच्या वाटेतून तो बहुतेक वेळा आधीच निघून जातो. आपण ती सूचनाच देत नाही. वर नजर कॅमेऱ्यात. घोणस तर पळण्यापेक्षा जागीच पडून राहणारी, फुसफुसून इशारा देणारी. तो इशाराही आपण ऐकत नाही.

हल्ली प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे. सहस्रकुंडच्या धबधब्यावर, शेतावरच्या हुरडा पार्टीत फोटो काढणाऱ्या आपणच जास्त. पायात चपला, अंगात पायघोळ सलवार. त्यातून मोबाइलचा फोटो चांगला यायचा तर जवळ जावं लागतं. फुलपाखरासाठी गुडघे टेकतो, खडकावर हात ठेवतो, पऱ्हाट्यांच्या ढिगाला टेकून सेल्फी घेतो. दगडाच्या सापटी आणि पऱ्हाट्यांचे ढीग या तर उंदरांच्या जागा, आणि उंदरामागे साप येणारच.

टिपेश्वरच्या अभयारण्यात गाडीतून उतरू देत नाहीत, तेव्हा कुरकुर करणाऱ्या पुष्कळजणी असतात. वाघासाठी नियम, असं आपल्याला वाटतं. (2019 साली इथलाच एक वाघ चालत चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला, तेव्हापासून टिपेश्वरचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे.) पण गवतात पाय न ठेवण्याचा फायदा सापाच्या बाबतीतही तेवढाच आहे.

आता मी काय करते, ते सांगते. घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड पँट, मग कोणी काहीही म्हणो. एका हातात काठी. आधी काठीने गवत हलवायचं, जागा बघायची, उभं राहायचं आणि मगच डोळा कॅमेऱ्याला लावायचा. डोळा लावलेला असताना एकही पाऊल टाकायचं नाही. पुढे जायचं असेल तर कॅमेरा खाली. बॅग जमिनीवर उघडी ठेवायची नाही. अंधार पडला की बॅटरीशिवाय चालायचं नाही. साप दिसलाच तर दहा फूट अंतर, आणि फोटो तेवढ्या अंतरावरून येईल तेवढाच. काठीने डिवचून फणा काढायला लावणं, पकडलेला नाग हातात घेऊन फोटो काढणं, हे तर नकोच. 1972 च्या वन्यजीव कायद्यानेही सापाला पकडणं, छळणं गुन्हा आहे. वर्षानुवर्षं साप धरणारे सर्पमित्रही दंशाने गेले आहेत, आपली काय कथा!

रात्री शेतावर मुक्काम असेल तर आणखी एकाची आठवण ठेवा. मण्यार. काळपट निळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे. रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते, आणि घरचे म्हणतात, काल खाण्यात काही आलं असेल. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

आणि चावलाच तर? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की, देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली. बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतली. बाईच्या बाबतीत तर "हे येऊ देत, मग बघू" म्हणून वेळ जातो. कोणाची वाट बघू नका. आधी जोडवी, पैंजण, बांगड्या, अंगठी काढा, सूज चढली की त्या रुततात. पाय काठी बांधून स्थिर ठेवा, चालू नका, धावू तर मुळीच नका. करकचून आवळणं, कापणं, चोखणं, मिरची चाखवणं, काहीही नको. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा.

साप मारून सोबत न्यायची गरज नाही, त्याच्या मागे मोबाइल घेऊन धावायचीही नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून एकच लस आहे, घोड्याच्या रक्तापासून बनवलेली. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात. ते गोठलं नाही तर घोणशीसारखं रक्तावर जाणारं विष भिनल्याचं कळतं. "मला काही होत नाही" म्हणून लगेच घरी यायचं नाही. किमान चोवीस तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहावं लागतं.

त्या दिवशीचा वेडा राघूचा फोटो हललेला आला. निळोण्याला मी अजूनही जाते, आणि निघण्यापूर्वी घरी सांगून जाते की कोणत्या बाजूला चालले.