सार्वजनिक विश्वस्त सिद्धांत, हवामान बदल आणि बालाघाटातील पाणी

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले क्षेत्र बालाघाटाच्या डोंगररांगेत वसले आहे. तेथील धबधबा पावसावर अवलंबून आहे आणि परिसरातील विहिरीही. बेसाल्ट खडकाच्या भेगांत व झिजलेल्या थरात जेवढे पाणी मुरते, तेवढेच उन्हाळ्यात हाती लागते. मोजक्या दिवसांत मोठ्या सरींनी पडणारे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. हवामान बदलामुळे असाच पाऊस वाढण्याची शक्यता असते. अशा स्थितीत पाण्याचे रक्षण करण्यास शासन कायद्याने कितपत बांधील आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नदी, समुद्रकिनारा यांसारखी संपत्ती सर्वांची असून शासन तिचे केवळ विश्वस्त होय, हे तत्त्व मूळचे रोमन विधीतील. सर्वोच्च न्यायालयाने ते डिसेंबर १९९६ मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात स्वीकारले. हिमाचल प्रदेशात एका हॉटेलच्या बचावासाठी बियास नदीचा प्रवाह वळविण्यात आला होता. न्यायालयाने त्या वनजमिनीचा भाडेपट्टा रद्द केला.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वाटपाचे रूप आले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याविषयी आदेश दिला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मराठवाड्यासाठी हा मोठाच दिलासा होता. मात्र हा वाद धरणात आधीच साठलेल्या पाण्याचा होता, आणि बालाघाटाच्या माथ्यावर जायकवाडीचा कालवा चढत नाही.

तेथील खरा प्रश्न भूजलाचा आहे, आणि कायदा नेमका तेथेच दुबळा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या परंपरेनुसार जमीनमालक आपल्या जमिनीखालचे पाणी उपसू शकतो. भूजल ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे केरळ उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २००३ मध्ये प्लाचीमाडा प्रकरणात म्हटले. २००५ मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरविला. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात खोल विहिरींवर निर्बंध आहेत, परंतु ते प्रामुख्याने अधिसूचित क्षेत्रापुरते.

हवामानविषयक खटल्यांचा प्रवास याहून नवा आहे. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शासनाला उत्सर्जन घटविण्याचे निश्चित प्रमाण बंधनकारक ठरविले. भारतात त्याच वर्षी एका बालिकेची याचिका राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने फेटाळली. पुढे २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्याच्या रक्षणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा अधिकार संविधानाच्या १४ व २१ या अनुच्छेदांत अंतर्भूत असल्याचे मान्य केले. (याच निकालाने माळढोकच्या अधिवासातील वीजवाहिन्या भूमिगत करण्याचा २०२१ चा व्यापक आदेश शिथिल केला, ही विसंगतीही नोंदवावी लागते.)

या अधिकाराला प्रत्यक्ष अर्थ यावयाचा असेल, तर तो उत्सर्जनाच्या आकड्यांपेक्षा स्थानिक कर्तव्यांशी जोडणे अधिक फलदायी ठरेल. बालाघाटातील ग्रामस्थांनी न्यायालयात दाद मागितल्यास जागतिक तापमानवाढीचा दोष एका शासनावर सिद्ध करण्याची त्यांना गरज नाही. आपले क्षेत्र अधिसूचित का झाले नाही, आणि झाले असल्यास खोल विंधन विहिरी का थांबल्या नाहीत, एवढेच विश्वस्ताला विचारता येईल.