जीपगाडीचा पुढचा आस का मोडला?

२०२३ सालच्या जुलै महिन्यात खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील एका वाडीवरून आमच्या एका वर्गमित्राचे मामा आपली जुनी जीप घेऊन निघाले होते. गाडीत बाळंतपणासाठी अडलेली एक बाई, तिची सासू आणि दोन गडी होते. आठ दिवस पाऊस उघडला नव्हता. ओढा ओलांडून पलीकडची दरड चढताना पुढचे उजवे चाक दोन धोंड्यांच्या बेचक्यात अडकले. मामांनी स्टिअरिंग पुरते वळवून गाडीला जोर दिला, तोच बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होऊन गाडी जागच्या जागी थबकली. पुढच्या आसातील शाफ्ट मोडला होता. मोडलेला तुकडा सांध्याच्या गोळ्यात रुतल्यामुळे चाक वळेना. तेव्हा बाईला घोंगडीच्या डोलीत घालून उरलेली सुमारे दोन कोसांची वाट माणसांनी खांद्यावरून पार केली. मायलेकरे सुखरूप राहिली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचे चित्त पुढील यांत्रिक विवेचनात निर्धास्तपणे लागेल.

पाऊस ओसरल्यावर गाडी बेळगावास उद्यमबागेतील एका गॅरेजात आली, आणि आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी आम्हा चौघा विद्यार्थ्यांना तेथे नेले. मामांचा हट्ट एकच होता. "मेस्त्री, आता असला दांडा घाला की परत मोडायचं नाव नको."

मेस्त्री हसले. म्हणाले, "दांडा मोडला नाही, तर त्याच्या पुढचं काहीतरी मोडणार. आधी हा का मोडला ते बघूया की."

मेस्त्रींच्या या उत्तराचा अर्थ कळावयास पुढच्या आसाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. इंजिनाचा जोर एका लांब दांड्याने आसाच्या मध्यभागी येतो. तेथे क्राउन व पिनियन ही दातेरी चक्रांची जोडी त्याची दिशा बदलते, आणि डिफरेन्शियल तो डावीउजवीकडे वाटून देते. तेथून प्रत्येक चाकाकडे एकेक शाफ्ट जातो. मागील आसात एवढ्यावर काम भागते. पुढील चाकांना मात्र फिरावयाचेही असते आणि वळावयाचेही. म्हणून शाफ्टचे दोन तुकडे करून त्यांच्या मध्ये एक सांधा घालावा लागतो. आमच्या मेस्त्रींच्या भाषेत हा 'क्रॉस' होय. दोन्ही तुकड्यांच्या टोकांना कानांसारखे दोन दोन उंचवटे असतात, आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा हा पोलादी तुकडा सुयांसारख्या बारीक बेअरिंगांवर बसविलेला असतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीपच्या पुढच्या शाफ्टवर गाडीचे वजन मुळीच नसते; ते बाहेरच्या नळीवर व चाकाच्या बेअरिंगांवर तोललेले असते. शाफ्टच्या वाट्याला येतो तो निव्वळ पीळ. म्हणूनच शाफ्ट मोडला तरी चाक गळून पडत नाही.

या क्रॉसमध्ये एक स्वभावदोष आहे. दोन्ही तुकडे एका रेषेत असतात तोवर गती सारखी राहते. परंतु त्यांच्यात कोन झाला की आतला तुकडा एकसारखा फिरत असूनही बाहेरचा कधी मंद, कधी शीघ्र फिरतो. ३० अंशांच्या कोनात बाहेरच्या तुकड्याची गती आतल्याच्या ०.८७ पट ते १.१५ पट अशी, एका फेऱ्यात दोनदा, हेलकावे खाते. हा दोष टाळण्यासाठी १९२० च्या दशकात आल्फ्रेड रझेप्पा, कार्ल वाइस आणि फ्रान्समधील ग्रेग्वार प्रभृतींनी समगतीचे सांधे शोधून काढले, आणि दुसऱ्या महायुद्धातील जीपगाड्यांत यांपैकी निरनिराळे सांधे वापरले गेले. मामांच्या गाडीत मात्र साधा क्रॉस होता. स्टिअरिंग पुरते वळवून जोर दिला म्हणजे त्या क्रॉसच्या आणि कानांच्या अंगावर सर्वांत वाईट भार येतो. चढावर अडकलेला प्रत्येक चालक नेमके तेच करतो, हे या यंत्राचे दुर्दैव!

आता थोडे गणित. युद्धकाळातील विलीज जीपचे आकडे उपलब्ध आहेत, तेच घेऊ. तिच्या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ सुमारे १४.५ किलोग्रॅम-मीटर होता. पहिल्या गिअरमध्ये तो २.६६ पट, लो गिअरमध्ये १.९७ पट आणि क्राउन-पिनियनमध्ये ४.८८ पट होतो. घर्षणातील व्यय सोडून दिला तर गुणाकार सुमारे ३७० किलोग्रॅम-मीटर येतो. उलट बाजूने पाहा. पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार आहे, चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर आहे आणि जमिनीची पकड भाराच्या सात दशांश आहे असे धरले, तर सुमारे ७५ किलोग्रॅम-मीटरला ते चाक घसरू लागेल. म्हणजे शाफ्टचे रक्षण एरवी कोण करते? चाकाचे घसरणे! चिखलात चाक गरगर फिरले की आपण वैतागतो, परंतु ते आसाचे अभयदान असते. धोंड्यांच्या बेचक्यात हे अभय नाहीसे होते. त्यातून चाक क्षणभर घसरून वेगाने फिरू लागले व एकाएकी रुतले, तर फिरत्या सर्व यंत्रभागांचा वेग त्या एका शाफ्टवर घणासारखा आदळतो.

तरीही मामांचा शाफ्ट केवळ या घणाने मोडला नव्हता. गुरुजींनी खिशातून खडू काढून तो आमच्यापैकी एकाला दोन्ही हातांनी पिळावयास सांगितले. खडू तुटला तो सरळ नव्हे, तर मळसूत्रासारख्या तिरप्या पृष्ठावर. ठिसूळ पदार्थ पिळाने असा ४५ अंशांत फाटतो; मऊ पोलाद बहुधा आडवे, सपाट कापल्यासारखे तुटते. मामांच्या शाफ्टचा भंग या दोहोंहून निराळा होता. त्याच्या अर्ध्याहून अधिक पृष्ठावर काळसर, गुळगुळीत थर होता आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूत उमटतात तशा वक्र रेषा होत्या. उरलेला भाग मात्र ताजा, चकचकीत व खडबडीत होता. काळा भाग म्हणजे जुनी चीर. कित्येक महिने प्रत्येक हिसक्यासरशी ती कणाकणाने वाढत गेली होती, आणि ओढ्याकाठी फक्त शेवटचा भाग तुटला. चिरेचा उगम दात्यांच्या मुळाशी असलेल्या एका तीक्ष्ण कोपऱ्यात सापडला. क्रॉसच्या बेअरिंगात ग्रीसऐवजी गंजाचे पाणी निघाले. मामा काही बोलले नाहीत.

मग बदली शाफ्ट कसा निवडावा? पिळाला तोंड देण्याची दांड्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरचा दांडा घेतला, तर जाडी वाढलेली डोळ्यांना जेमतेम दिसते, पण शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. अडचण अशी की डिफरेन्शियलच्या चक्राचे भोक ठरलेले असते. त्यात जाडा दांडा शिरणार कसा? तेव्हा व्यास तोच ठेवून पोलाद बदलावे लागते. उद्यमबागेतील लेथवाल्यांच्या तोंडी 'इएन ८' आणि 'इएन २४' ही नावे सदैव असतात. इएन ८ हे साधे कार्बनी पोलाद. त्याला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५५ किलो ताण सोसतो. इएन २४ मध्ये निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले असून, योग्य उष्णतासंस्कार केल्यावर ते ८५ ते १०० किलो ताण सोसते. परंतु 'योग्य उष्णतासंस्कार केल्यावर' हे शब्द विसरू नयेत. न तापविलेले, तेलात न विझविलेले आणि पुन्हा बेताने न तापविलेले इएन २४ हे केवळ महागडे नाव होय. दुकानदाराने पोलादाचे नाव सांगितले, तरी कठिनता मोजून दाखविली नाही, तर तो शाफ्ट घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत झाले.

उत्तम पोलाद कमी पिळले जाते ही समजूतही खोटी आहे. सर्व पोलादांची लवचीकता जवळजवळ सारखीच असते. उत्तम पोलादाचा दांडा तितकाच पिळला जातो, पण तो आणखी पुष्कळ पीळ सोसून पूर्ववत् होतो. म्हणूनच काही जाणते कारागीर शाफ्टचा मधला भाग दात्यांच्या मुळाइतका बारीक करतात. अंगाने बारीक दांडा अधिक बळकट कसा, असा प्रश्न आम्हांसही पडला. परंतु त्यायोगे पीळ सर्व लांबीभर वाटला जातो आणि दात्यांच्या मुळाशी साचत नाही. तेथील कोपरा गोलसर केलेला असावा हे तर उघडच झाले. मोडका शाफ्ट वेल्डिंगने जोडण्याची सूचना एका पाहुण्याने केली, तिच्याकडे मेस्त्रींनी पाहिलेसुद्धा नाही. घाईने केलेल्या जोडाशेजारचे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते.

आता मेस्त्रींच्या पहिल्या उत्तराकडे वळू. शाफ्ट बळकट केला की दुबळी जागा नाहीशी होत नाही. ती शेजारी सरकते. शेजारी आहे क्रॉस. क्रॉस मुद्दाम स्वस्तातला ठेवून त्यालाच मोडू द्यावे, असे काही जण म्हणतात. आम्हांस ते पटत नाही, कारण फुटलेला क्रॉस बहुधा शाफ्टचे कान फाडून जातो आणि, ओढ्याकाठी झाले तसे, चाक वळेनासे करतो. आतील बाजूस मोडले तर त्याहून अनर्थ! क्राउनचा तुटलेला दाता इतर दात्यांत सापडला म्हणजे सगळा आसच जाम होतो. त्यामानाने चाकाबाहेरील हब मोडणे परवडले. तो साध्या पान्यांनी वाटेवर उघडता येतो. ज्यास नवीन भाग निवडावयाचे असतील त्याने प्रथम हा क्रम मनाशी ठरवावा, मग बाजारात जावे.

मामांना डिफरेन्शियल लॉकही बसवावयाचा होता. उघडे डिफरेन्शियल दोन्ही बाजूंस सारखाच पीळ देते. लॉक लावला की पकड असलेल्या एकाच चाकाकडे जवळजवळ सगळा पीळ जाऊ शकतो. शाफ्टवरचा भार त्यामुळे दुपटीपर्यंत वाढतो. हा बेत रद्द झाला. मोठ्या टायरांचाही हिशेब निघाला. २८ इंचांच्या जागी मामांनी ३२ इंचांचे टायर लावले होते. त्यामुळे तरफ लांब होऊन शाफ्टवरील पीळ सातव्या हिश्शाने वाढला होता. ते काढण्यास मामा दोन दिवस तयार नव्हते.

शेवटी दोन्ही बाजूंस आतले व बाहेरचे असे चारही तुकडे उष्णतासंस्कारित इएन २४ चे बसले. एकच बाजू बदलण्यास मेस्त्रींनी साफ नकार दिला. क्रॉस उत्तम प्रतीचे आणले, त्यांना पूर्ण वर्तुळाच्या कड्या घातल्या, गोळ्यांची सिले बदलली आणि टायर पुन्हा २८ इंचांचे झाले. क्राउन-पिनियन जुनेच राहिले. दर पावसाळ्याआधी क्रॉस उघडून पाहावयाचे, असे मामांनी कबूल केले आहे. मागच्या बाकाखाली गोणपाटात गुंडाळलेला एक शाफ्ट, दोन क्रॉस आणि एक हब आता कायम असतो. मोडका शाफ्ट आम्ही मागून आणला. तो शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीकडील कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर ठेवला आहे. काळी बाजू वर केली आहे.