मनावर घेतलं तरी वजन परत का वाढतं?

‘‘अगं, जरा मनावर घे. मनावर घेतलं की सगळं होतं.’’

वजन जास्त असलेल्या माणसाने हे वाक्य किती वेळा ऐकलेलं असतं याची मोजदाद नाही. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारी मावशी हे म्हणते, ऑफिसातले सहकारी म्हणतात, गुडघ्याचा एक्स-रे बघता बघता डॉक्टरही म्हणून जातात. ज्या बाईने भात सोडून, पहाटे उठून, घरच्यांचा वेगळा आणि आपला वेगळा स्वयंपाक करून आठ-दहा किलो उतरवले आणि वर्षा-दीड वर्षात ते परत चढले, तिला वर आणखी एक वाक्य ऐकावं लागतं: ‘‘टिकवता नाही आलं ना? निर्धार कमी पडतो तुझा.’’

या वाक्याचा मला राग येतो, कारण ते चुकीचं आहे. आणि ते चुकीचं आहे हे कळून सुमारे ऐंशी वर्षं झाली.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण कच्च्या मनाचे नव्हते. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून त्यांनी ऐन महायुद्धात हातात शस्त्र घ्यायला नकार दिला होता. उपासमारीने खंगलेल्या युरोपला पुन्हा उभं कसं करायचं हे कळावं, म्हणून ते स्वतःहून उपाशी राहायला तयार झाले. त्यांना २४ आठवडे रोज साधारण १,५७० कॅलरी दिल्या गेल्या. आज आपल्याकडे सर्रास वाटले जाणारे १,२०० कॅलरींचे तक्ते याहून कडक आहेत. त्या तरुणांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. ते तासन् तास पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटं चाटू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. बंधनं उठल्यावर पोट तुडुंब भरलं तरी त्यांची भूक भागेना. तत्त्वासाठी सरकारपुढे ठाम उभी राहिलेली ही माणसं अन्नापुढे अशी का झाली? त्यांचा निर्धार आधी होता तेवढाच होता. वजन घटल्यावर त्यांच्या शरीराने आपलं काम सुरू केलं होतं.

ते काम काय, हे पुढे मोजलं गेलं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींचा आहार दिला. सरासरी १३ किलोंहून जास्त वजन उतरलं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन घटलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन वाढलं. इथपर्यंत अपेक्षितच होतं. पण वर्षभराने तपासलं तेव्हाही ही संप्रेरकं पूर्वपदाला आलेली नव्हती आणि माणसांना भूक आधीपेक्षा जास्तच लागत होती. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत भरमसाट वजन उतरवलेल्या १४ स्पर्धकांना केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि एवढं वजन परत येऊनही त्यांचं शरीर, त्या वजनाच्या माणसाने विश्रांतीत खर्च कराव्यात त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं.

याच हॉलच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेला एक हिशेब प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २०–३० कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र १०० कॅलरींच्या आसपास वाढते. म्हणजे दर किलोमागे जवळजवळ एक पोळी. पाच किलो उतरवलेल्या बाईचं शरीर रोज पाच पोळ्या जास्त मागतं. एक दिवस, एक महिना ती नाही म्हणेल. घर, नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि सासऱ्यांचं आजारपण सांभाळत वर्षानुवर्षं, दिवसातून चार वेळा, केवळ मनाच्या बळावर ती नाही म्हणत राहील ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

अजून शंका असेल तर वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांकडे बघा. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी भारतात आली. ती भूक आणि तृप्ती यांच्या संदेशांवर काम करतात, आणि ज्यांना आयुष्यभर ‘तोंडावर ताबा नाही’ असं हिणवलं गेलं त्यांचं खाणं आपसूक कमी होतं. औषधाने त्यांच्या स्वभावात निर्धार ओतलेला नसतो. आणि ‘एकदा कोर्स केला की झालं’ असं समजणाऱ्यांसाठी: वेगोवीतलं सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आल्याचं चाचणीत दिसलं आहे.

टोमण्यांनी माणूस सुधारतो, हीही एक समजूत आहे. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत उलटं आढळलं. वजनावरून ज्यांना दुजाभाव सोसावा लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट होती. मावशी, काका, वहिनी, सगळ्यांनीच हे एकदा वाचावं.

मग करायचं काय? जर्मनीत दोनशेहून अधिक जणांना दिवसभर अधूनमधून विचारून एक अभ्यास झाला: आत्ता काय खावंसं, करावंसं वाटतंय, आणि तुम्ही त्याला विरोध करताय का? स्वतःवर ताबा असलेली माणसं मोहाशी जास्त झुंजत असतील असा आपला अंदाज. निघालं असं की त्यांच्या वाट्याला मोहाचे प्रसंगच कमी येत होते. त्यांनी दिवसच असा लावलेला होता की झुंजायची वेळ कमी यावी.

आपल्या घरात याचा अर्थ फार साधा आहे. संध्याकाळचे साडेपाच. चहा उकळतोय. ओट्याशेजारी पारदर्शक बरणीत फरसाण, बाजूला खारीचा पुडा, कालच्या वाढदिवसाचा उरलेला केक फ्रिजच्या पुढच्याच कप्प्यात. दुपारचं जेवण एकला झालेलं, तेही उभ्याउभ्या. अशा क्षणी निर्धाराची परीक्षा घेण्यात काहीच हशील नाही. फरसाण महिन्याच्या किराण्यातून काढा, हवं तेव्हा शंभर ग्रॅमचा पुडा आणा. साडेचारला भाजलेले चणे किंवा एखादं फळ पोटात जाऊ द्या, म्हणजे साडेपाचचा चहा नुसता चहा राहील. जेवताना आधी भाजी, उसळ, कोशिंबीर वाढा आणि पोळ्या डब्यातून ताटात एकदाच घ्या, डबा टेबलावर नको. मुलाच्या ताटात उरलेला वरणभात ‘वाया जायला नको’ म्हणून संपवणं, हे कितीतरी आयांचं चौथं जेवण असतं. मुलाला पहिल्यांदाच कमी वाढा.

सवय बसवण्याबद्दल जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचं काम उपयोगी आहे. ‘रोज चालणार’ हा संकल्प विरून जातो. ‘रात्रीचं जेवण झालं, ओटा पुसला, की चप्पल घालून खाली’ असा ठरलेल्या वेळेला आणि जागेला बांधलेला बेत कितीतरी अधिक पार पडतो. आणि घरातल्यांनी त्या वेळी ‘आधी मला चहा दे’ म्हणू नये. बाईच्या वजनाचा बराचसा प्रश्न तिच्या हातात स्वतःची तीस मिनिटं नसण्याचा आहे. आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात त्याचा रकाना नसतो.

इथेच २१ दिवसांचा गैरसमज आडवा येतो. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘निदान’ गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, आहार, सगळंच आलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर हे प्रत्यक्ष तपासलं. सवय अंगात मुरायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला, मधला आकडा ६६ दिवस. बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणं जड जात असेल तर तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: मधला एखादा दिवस चुकला तर सवयीच्या घडणीवर लक्षणीय परिणाम होत नाही. ‘आज वडापाव खाल्ला, आता सगळं बुडालंच, सोमवारपासून बघू’ या एका विचाराने बुडालेले प्रयत्न वडापावने बुडालेल्यांपेक्षा खूप जास्त आहेत. पुढचं जेवण नेहमीसारखं करा, सोमवार कशाला हवा?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

दीक्षितांचा आहार की दिवेकरांचा, या वादात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या संध्याकाळी गेल्या. पण २०१८ मध्ये अमेरिकेत ६०९ जणांवर कमी चरबीचा आणि कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर ताडून पाहिला, तेव्हा दोन्ही गटांत वजन जवळपास सारखंच उतरलं. जो तुम्हाला पाच वर्षं जमेल तो तुमचा.

सकाळी लिंबू-मध-कोमट पाण्याने चरबी विरघळत नाही. मध म्हणजे साखरच. घाम आणणारा पट्टा पाणी घालवतो, ते पहिल्या तांब्याबरोबर परत येतं. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी निवडून जात नाही. रात्रीचा भात दोषी नाही, त्याचं प्रमाण दोषी असू शकतं. आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी बशी भरून खाल्ली तर ते एक पूर्ण जेवण झालं, कधी त्याहून जास्तच.

‘भरपूर चालते, मग काहीही खाल्लं तरी चालेल’ हाही हिशेब जुळत नाही. तासभराच्या चालण्यात खर्च होतं तेवढं एका वडापावमध्ये परत येतं. व्यायामाचं खरं मोल उतरलेलं वजन टिकवण्यात आहे.

‘मी बारीक आहे, मला काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण पुरेसं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २३ धरतात, आणि कंबर पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात.

वजन अचानक वाढू लागलं असेल, पाळी अनियमित असेल, स्टेरॉइड किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तिथे सवयींच्या आधी कारण शोधायला हवं.

ध्येय किती ठेवावं? लग्नाच्या फोटोतलं वजन नको. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीचं लक्ष्य सात टक्क्यांचं होतं, म्हणजे ८० किलोंच्या माणसाला साडेपाच किलो. आहार-व्यायाम बदललेल्या गटात नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. आपल्याकडे चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच लोकांना चालणं आणि आहारातले बदल शिकवले. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं होतं, आणि ते वजन फारसं न उतरता. तेव्हा काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका.